‘थांब’ म्हणणारं विकर

सेंट्रिफ्यूजचा आवाज बदलला तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते. बाटल्या गरगरा फिरवून त्यातले जंतू तळाशी बसवणारं ते यंत्र एरवी एका सुरात घुमायचं. त्या दुपारी ते एकदम करकरलं, जागच्या जागी थडथडलं आणि मंदावत गेलं. मी वळून पाहिलं. तस्लीमताईने बटण दाबून ते बंद केलं होतं आणि झाकणावर दोन्ही हात ठेवून ती उभी होती.

“तोल गेलाय कशाचा तरी,” ती म्हणाली. मास्कमुळे आत सगळ्यांचेच आवाज लांबून आल्यासारखे वाटायचे.

“उघडू नकोस. आधी जंगमसाहेबांना कळवू.”

“आतली भांडी बंद आहेत गं. नुसतं बघते.”

तिने झाकण उचललं. आतल्या दोन स्टीलच्या भांड्यांपैकी एकाचं झाकण कडेने उकललं होतं, आणि दुधाळ पाण्याचे शिंतोडे यंत्राच्या आत चहूकडे उडाले होते. तिने झाकण लगेच खाली टाकलं, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. क्षयाच्या जंतूंवर काम करणाऱ्याला दिसणाऱ्या शिंतोड्यांची भीती नसते. भीती असते ती न दिसणाऱ्या तुषारांची. ते हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात.

“बाहेर,” मी म्हणाले.

“एक मिनिट.” ती कोपऱ्यातला कॅन घेऊन आली आणि यंत्राच्या भोवती, फरशीवर जंतू मारणारं फिनॉल ओतायला लागली. तेही नियमात होतं, पण नियमात ते नंतरचं होतं. मास्क जंतू अडवतो, वास अडवत नाही. फिनॉलचा तो उग्र वास भपकन वर आला, आणि तस्लीमताईच्या हातातला कॅन खाली पडला. ती भिंतीला टेकली. तिचे खांदे हलले. मला काही समजायच्या आत तिने मास्क ओढून काढला आणि कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीवर वाकून ओकली.

एकदा ओकली, श्वास घेतला, पुन्हा ओकली. तो मधला श्वास मला अजून ऐकू येतो. खोल, घशातून ओढून घेतलेला.

मी तिच्या तोंडावर मास्क दाबून धरला आणि तिला दंडाला धरून दारातून बाहेर काढलं.

बाहेर पडायच्या वाटेवर एक छोटी खोली होती. तिथे अंगावरचा झगा, हातमोजे, सगळं उतरवून पिशवीत बांधायचं, डोक्यावरून अंघोळ करायची, आणि मगच पुढचं दार उघडायचं, अशी पद्धत. आम्ही दोघी शेजारशेजारच्या फवाऱ्यांखाली उभ्या राहिलो, मध्ये प्लास्टिकचा पडदा.

“ताई,” मी म्हणाले, “आजारी आहेस का तू?”

बराच वेळ नुसतं पाणीच वाजत राहिलं.

“तिसरा महिना संपत आलाय,” ती म्हणाली.

मी नळ बंद केला.

“कुणाला माहीत आहे?”

“इम्तियाजला. आणि आता तुला. सासूबाईंनासुद्धा सांगितलेलं नाही. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं, रूथ. या वेळी चौथा लागल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं दोघांनी ठरवलंय.”

“आणि सरांना?”

“सरांना सांगितलं असतं तर त्याच दिवशी या दारातून आत यायचं बंद झालं असतं. पुढच्या आठवड्यात दिल्लीची समिती येतेय. माझा जंतू बघायला येतेय.” तिने पडदा बाजूला केला. केसांतून पाणी ठिबकत होतं. “मास्क काढल्याचं बोलू नकोस. आत नेमकं काय फुटलंय ते कळू दे आधी. मग बघू.”

मी मान डोलावली.

आमची प्रयोगशाळा मिरजेबाहेर, छातीच्या रुग्णांच्या एका जुन्या दवाखान्याच्या आवारात होती. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, नगरकडून आलेली, संशोधनाच्या दुसऱ्या वर्षाला. तस्लीम मुजावर माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. जयसिंगपूरची. मला जे काही येत होतं ते सगळं तिने शिकवलेलं. अगदी मास्क तोंडावर नीट बसलाय की नाही हे फुंकर मारून कसं तपासायचं तेही.

तिचा जंतू म्हणजे काय, ते सांगायला हवं.

क्षयाचा जंतू मारायला अवघड असतो, कारण त्याला थांबता येतं. आपल्या शरीराने त्याला कोंडलं, त्याचं अन्न तोडलं, प्राणवायू तोडला, की तो वाढ बंद करतो आणि पडून राहतो. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. पडून राहिलेल्या जंतूवर औषधंही धड चालत नाहीत. कधी वाढायचं आणि कधी थांबायचं हा हुकूम त्याच्या अंगातली काही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, देतात. त्यातलं एक विकर जंतूच्या पापुद्र्यात बसलेलं असतं, अर्धं बाहेर, अर्धं आत. बाहेरची हालत ओळखायची आणि आतल्या प्रथिनांवर फॉस्फेटचा एकेक ठिपका लावत त्यांना सांगायचं, ‘थांब’. तस्लीमताई त्याला आत्याबाई म्हणायची. घरात कोठीची किल्ली जिच्या कमरेला असते तशी. टंचाई आली की चुली विझवायला लावणारी.

तिने जंतूमधून ही आत्याबाईच काढून टाकली होती. त्यात तिची किती वर्षं गेली ते ती सांगत नसे. एवढंच म्हणायची की लग्न झाल्यापासून ती या एका जंतूचंच करतेय. आत्याबाई नसलेला तो जंतू भरपूर अन्न असलेल्या बाटलीत झपाट्याने वाढायचा, मूळच्या जंतूपेक्षाही लवकर. पण उपासमार झाली की त्याला थांबता यायचं नाही. वाढत राहायच्या नादात तो मरायचा. गिनिपिगना तो टोचला तेव्हा थोडे दिवस त्यांच्या फुप्फुसांत दिसला आणि मग साफ नाहीसा झाला. ज्या गिनिपिगना मूळचा जंतू दिला होता त्यांची फुप्फुसं गाठींनी भरलेली होती.

त्यावरूनच ओगलेसरांनी ठरवलं की ही लस होऊ शकते. डॉ. विश्राम ओगले आमचे प्रमुख. रोग न देता शरीराला क्षयाची ओळख करून देणारा जिवंत जंतू आपल्या हाताला लागलाय, असं ते म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा. त्यांनी ही प्रयोगशाळा उभी करताना केस पांढरे केले होते. माणूस वाईट नव्हता. घाईचा होता.

त्या दुपारी आमच्या यंत्रात दोन बाटल्या फिरत होत्या. एकीत तस्लीमताईचा जंतू, दुसरीत मूळचा. कोणती फुटली ते आम्हाला माहीत नव्हतं.

जंगमसाहेब प्रयोगशाळेच्या सुरक्षेचे अधिकारी. आवारातली भिंतसुद्धा त्यांना विचारून उभी राहते असं सगळे म्हणायचे. त्यांनी सांगितलं की आतली हवा पूर्ण बदलून तुषार खाली बसेपर्यंत कुणी आत जाणार नाही. ओगलेसर व्हरांड्यात येरझारा घालत होते.

“मास्क दोघींचे होते ना?” जंगमसाहेबांनी विचारलं.

“होते,” तस्लीमताई म्हणाली.

ते माझ्याकडे वळले. मी फरशीकडे पाहत होते. त्यांनी तोच होकार धरला आणि लिहून घेतलं.

आम्ही दोघी मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. समोर दवाखान्याच्या चादरी वाळत होत्या. तिच्या हातात कुणीतरी दिलेला चहा होता, तो निवून गेला तरी तिने ओठाला लावला नाही.

“तुझाच फुटला असेल,” मी म्हणाले. “तुझाच असू दे, देवा.”

तिने कप पायरीवर ठेवून दिला. मला वाटलं, घाबरलीय.

उन्हं कलल्यावर जंगमसाहेबांनी आत जायची परवानगी दिली. कुणी जायचं यावर फार चर्चा झाली नाही. यंत्रात काय कुठे ठेवलं होतं ते मला आणि तस्लीमताईला माहीत होतं, आणि तिला मी जाऊ देणार नव्हते. मी बोलून टाकलं, “मी जाते.” माझ्याबरोबर जंगमसाहेब आले. या वेळी पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारे बंद टोप आम्ही डोक्यावर चढवले होते. त्यात स्वतःचाच श्वास समुद्रासारखा वाजतो.

आत फिनॉलचा थर फरशीवर वाळत आला होता. पिवळी पिशवी तशीच पडली होती. ती जंगमसाहेबांच्या नजरेला पडायच्या आत मी तिचं तोंड बांधलं आणि निर्जंतुक करायच्या डब्यात टाकली. मग यंत्राजवळ गेले. भिंतीत एक जाड काचेची खिडकी होती, तिच्यापलीकडे सर आणि तस्लीमताई उभे होते. सरांचा हात काचेवर टेकलेला होता.

झाकण उघडलं. उकललेलं भांडं पाहिलं. त्यातल्या बाटलीचा बुडाशी चुरा झाला होता, चिठ्ठी भिजून लगदा. दुसरं भांडं उचलून हवा गाळणाऱ्या बंद कपाटाच्या आत नेलं, हळूच फिरवून उघडलं. बाटली शाबूत होती. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘मूळ’.

म्हणजे फुटला तो तस्लीमताईचा.

मी खिडकीकडे वळून बाटली उंच धरली आणि अक्षरं काचेकडे केली. सरांनी डोळे मिटले आणि त्यांचे खांदे खाली आले. ते तस्लीमताईला काहीतरी म्हणाले, हसले. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं होतं नव्हतं ते रक्त उतरलं होतं. तिने काचेवरून नजर काढली आणि पोटावर हात ठेवला. नंतर तो हात कुणी पाहू नये म्हणून पदर सारखा केल्यासारखं केलं.

बाहेर येऊन अंघोळ करून मी सरांच्या खोलीत पोचले तेव्हा डॉ. हिरेमठही येऊन बसल्या होत्या. शकुंतला हिरेमठ दवाखान्याच्या छातीच्या डॉक्टर, निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या. अशी दुर्घटना झाली की त्यांना बोलावणं बंधनकारक होतं.

“देवाची कृपा म्हणायची,” सर म्हणाले. “फुटायचा तो आपलाच फुटला. गिनिपिगच्या फुप्फुसात जो टिकत नाही तो मास्क लावलेल्या धडधाकट माणसांच्या काय टिकणार! तरी पद्धत म्हणून दोघींच्या रक्ताच्या तपासण्या आज करून ठेवू, दोन महिन्यांनी पुन्हा करू. काही फरक दिसला तर औषधाचं बघू. बरोबर ना डॉक्टर?”

“धडधाकट असतील तर बरोबर,” डॉ. हिरेमठ म्हणाल्या आणि कागद पुढे ओढला. “ताप, मधुमेह, चालू औषधं, काही आहे का? मुजावर?”

“मला दोन मिनिटं द्या,” तस्लीमताई म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “दमलीय. जा बघ.”

ती व्हरांड्याच्या टोकाला खांबाला धरून उभी होती.

“आता तरी सुटकेचा श्वास घे,” मी म्हणाले. “तुझाच होता.”

“मूळचा असता तर बरं झालं असतं, रूथ.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “काय?”

“मूळचा असता तर सरांनी स्वतः आज औषध चालू करायला लावलं असतं. आणि मूळचा असता तर तो थांबला असता. थांबणारा जंतू लवकर मरत नाही, पण पसरतही नाही. औषधाला वेळ देतो.” तिने माझ्याकडे वळून पाहिलं. “आपला गिनिपिगमध्ये का मेला?”

“थांबता येत नाही म्हणून.”

“नाही. नीट सांग. तुला मी असं शिकवलं नाही.”

मी विचार केला. “गिनिपिगच्या शरीराने त्याला कोंडलं. अन्न तोडलं. कोंडल्यावर त्याला थांबता आलं नाही, म्हणून मेला.”

“आणि कोंडलंच नाही तर?”

दवाखान्याच्या बाजूने कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. आम्ही त्या जंतूबद्दल किती वेळा हेच वाक्य लिहिलं होतं, बाटलीत अन्न भरपूर असताना तो मूळच्यापेक्षा लवकर वाढतो. लिहिलं होतं आणि पुढच्या ओळीवर गेलो होतो.

“पोटात मूल असलं की शरीर आपला पहारा थोडा सैल करतं,” ती म्हणाली. “करावाच लागतो. निम्मं परकं असतं ना ते मूल. नाहीतर त्यालाच हुसकून लावेल. बाळंतपण झाल्यावर पुढचे काही आठवडे तर बायकांमध्ये क्षय उसळतो, हे डॉक्टरीणबाई झोपेतसुद्धा सांगतील. मी त्याचा लगाम काढलाय, रूथ. समोर भिंत होती म्हणून तो आपटून मेला. माझी भिंत आता बुटकी आहे.”

“हे तुला आत्ता सुचलं?”

“अंघोळ करताना. तू आजारी आहेस का म्हणून विचारलंस ना, तेव्हा.”

म्हणजे दुपारभर ती हेच घेऊन बसली होती, आणि मी शेजारी बसून उलटी प्रार्थना करत होते.

“मग सांग आत जाऊन,” मी म्हणाले. “आत्ताच्या आत्ता औषध चालू करतील.”

“नुसतं पोटातलं सांगितलं तर मला घरी बसवतील, औषध देतील, आणि पुढच्या आठवड्यात समितीला तोच अहवाल जाईल. निरुपद्रवी म्हणून.” ती खांबापासून दूर झाली. “आणि जे मला आत्ता कळलंय तेही सांगितलं तर माझंच काम मी माझ्या हाताने बुडवते. सरांचंही. दोन्ही नाही सांगितलं तर दोन महिने वाट बघायची. कशाची, ते तू सांग.”

मी एवढंच म्हणाले, “तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, ताई. मास्कचं तरी. मला शब्द मोडावा लागेल.”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. “माहीत आहे मला,” ती म्हणाली. “म्हणून तर तुला बरोबर घेते आत.” आणि चालायला लागली.

ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि एका दमात बोलली. मी गरोदर आहे, तिसरा संपत आलाय. आत मला उलटी झाली आणि मी मास्क काढला. मघाशी मी खोटं बोलले आणि रूथने माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं. जंगमसाहेबांनी कपाळाला हात लावला. डॉ. हिरेमठांनी पेन खाली ठेवलं.

“हे तू माझ्यापासून लपवलंस,” सर म्हणाले. “आत जात राहिलीस.”

“हो सर. ती माझी चूक. त्याचं जे करायचं ते करा. पण दुसरी गोष्ट ऐकून घ्या.”

तिने मघाचं सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी हळू, शिकवताना सांगायची तसं. भिंत आणि लगाम हे शब्द तिने वापरले नाहीत. सर ऐकत असताना टेबलावरचा कागद दाबायचा काचेचा गोळा इकडून तिकडे सरकवत होते.

“हे अनुमान आहे,” ती थांबल्यावर ते म्हणाले. “तू घाबरलेली आहेस. साहजिक आहे. पण यातलं एक अक्षर आपण सिद्ध केलेलं नाही.”

“नाही केलेलं. ज्यांना प्रतिकारशक्तीच नाही असे उंदीर मिळतात. त्यांच्यावर करून बघायला हवं होतं. आपण केलं नाही.”

“समिती पुढच्या आठवड्यात येतेय, तस्लीम.”

“ही लस कुणाला टोचणार आहोत आपण, सर?”

सरांचा हात काचेच्या गोळ्यावर थांबला.

“जन्मलेल्या बाळांना,” ती म्हणाली. “जन्मल्याबरोबर, पहिल्या दिवसांत. त्यातलं एखादं सातव्या महिन्यात आलेलं असेल. एखाद्याला आईकडून एचआयव्ही आलेला असेल आणि कुणाला अजून कळलेलंही नसेल. त्यांना कोंडता येईल हा जंतू?”

डॉ. हिरेमठ खुर्ची मागे सारून उठल्या. “तुमचं काय ते तुम्ही बघा, ओगलेसाहेब,” त्या म्हणाल्या. “माझ्यापुरतं सांगते. मी दोन महिने थांबणार नाही. चल गं, माझ्याबरोबर वॉर्डात. आधी छातीचा फोटो, पोटावर शिशाचा पडदा घालून. रक्त. आणि यकृताची तपासणी. मग क्षयाची गोळी. गरोदरपणात या गोळीने यकृत बिघडायचं भय असतं, तेही नवऱ्यासमोर समजावून सांगेन. घेणार असशील तर आजपासून.”

“घेते,” तस्लीमताई म्हणाली.

आम्ही निघालो तेव्हा सरांनी मान वर केली नाही. त्यांनी आम्हाला जायलाही सांगितलं नाही आणि थांबायलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीवरून जात होते तर ते फोनवर होते. “नाही, तारीख पुढे नाही,” ते कुणाला तरी सांगत होते, “भेटच रद्द करतोय.” त्यानंतर कित्येक आठवडे ते तस्लीमताईशी एक शब्द बोलले नाहीत. पण त्या उंदरांची मागणी त्यांनी त्याच दुपारी स्वतः पाठवली, हे मला खरेदी विभागातून कळलं.

पुढचे महिने फार वाईट गेले. तस्लीमताईला प्रयोगशाळेच्या आतल्या भागात यायला बंदी झाली. ती बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायची. सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, आणि गोळीने मळमळायचं की बाळाने, हे तिला सांगता यायचं नाही. इम्तियाजभाई रोज तिला सोडायला यायचे, आणि ती आत गेली तरी स्कूटर चालू न करता फाटकाशी थांबून राहायचे. दोन महिन्यांनी रक्ताची तपासणी झाली. माझी जशी होती तशी आली. तिची बदललेली आली.

जंतू आत गेला होता. त्या एका श्वासात.

रिपोर्ट घेऊन ती माझ्याजवळ आली आणि माझ्या टेबलावर ठेवला. “दोन महिने वाट बघितली असती तर आज गोळी चालू झाली असती,” एवढंच म्हणाली.

सहाव्या महिन्यात तिच्या रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढली, म्हणजे यकृताला गोळी झेपत नव्हती. डॉ. हिरेमठांनी गोळी बंद केली. ते दिवस आम्ही कसे काढले ते सांगता येणार नाही. गोळी घेतली तर यकृत, नाही घेतली तर जंतू, आणि या दोन्हींच्या मध्ये ते मूल लाथा मारत होतं. ती माझा हात धरून पोटावर ठेवायची आणि म्हणायची, “जागं आहे.” एन्झाइम्स उतरली. गोळी पुन्हा चालू झाली, आधी थोडी, मग पुरती. प्रत्येक खोकल्याला आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो.

दरम्यान उंदीर आले. माझ्याकडेच ते काम होतं. ज्यांना शरीराचा पहाराच नाही असे ते उंदीर काचेआडच्या पिंजऱ्यांत होते. निम्म्यांना मूळचा जंतू दिला, निम्म्यांना तस्लीमताईचा. कुठल्या पिंजऱ्याला काय दिलं ते रोज पाहणाऱ्याला कळू नये म्हणून सरांनी खुणा स्वतः घातल्या होत्या. मी रोज जाऊन त्यांची वजनं करायचे. काही दिवसांनी डाव्या बाजूच्या पिंजऱ्यांतले उंदीर केस विस्कटून कोपऱ्यात बसायला लागले. मग ते मरायला लागले. एक, मग दोन, मग एका सकाळी पिंजराच. उजव्या बाजूचे अजून खात होते.

मी सरांना बोलावलं. त्यांनी टोप चढवला, आत आले, पिंजऱ्यांसमोर उभे राहिले. खुणा त्यांना पाठ होत्या.

“डावे मूळचे आहेत का, सर?” मी विचारलं. मला अजून आशा होती असं नाही. विचारायला हवं होतं म्हणून विचारलं.

“नाही,” ते म्हणाले.

त्यांनी रिकाम्या पिंजऱ्याचं दार लावलं. मग ते म्हणाले, “तिला सांगू नकोस अजून. दिवस भरत आलेत तिचे. मी सांगेन.”

पण बाळंतपणाआधी त्यांना सांगता आलं नाही. त्याच आठवड्यात तस्लीमताई बाळंत झाली. मुलगी. मी दवाखान्यात पोचले तेव्हा इम्तियाजभाई बाहेर बाकावर बसून रडत होते. मी धावतच आत निघाले. तर ते म्हणाले, “वजन चांगलं आहे. दोघी बऱ्या आहेत.” आणि पुन्हा रडायला लागले.

आत खाटेवर तस्लीमताई उशीला टेकून बसली होती. खुर्चीवर ओगलेसर होते. ते कधी आले होते कोण जाणे. हातात रुमालाची घडी, ती उलगडत होते आणि पुन्हा घालत होते. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजले, तिला कळलंय.

“पहिले कुठले मेले ते सांगितलं सरांनी,” ती मला म्हणाली. “पेपर लिहायचा म्हणतायत. सगळा. फसला तसा.”

“नाव तुझंच पहिलं राहील,” सर म्हणाले. आवाज घोगरा होता.

तेवढ्यात नर्सबाई ट्रे घेऊन आत आल्या. वयस्कर होत्या, घाईत होत्या. “कोण धरणार बाळाला? आई धरते का? डावा दंड मोकळा करा.”

तस्लीमताईने मुलीला छातीशी ओढून घेतलं. “काय आहे?”

“काय म्हणजे? लस टोचायचीय. क्षयाची.”

“कुठली?”

नर्सबाईंनी तिच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. “कुठली म्हणजे? एकच असते बाई. आपली जुनीच.”

सर उठून खिडकीशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. तस्लीमताईने दुपट्याची गाठ सोडली, तो इवलासा डावा दंड बाहेर काढला आणि नर्सबाईंच्या पुढे केला.

“टोचा,” ती म्हणाली.